तोकडे भांडवल, दाट अरण्य आणि एक आवाज

पुरस्कारांच्या यादीत ज्यांचे नाव कधी येत नाही, अशा चित्रपटांविषयी लिहिणे समीक्षकांना बहुधा कमीपणाचे वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. श्रीमंताच्या वाड्याइतकेच गरिबाचे घरही बांधणाऱ्याच्या हाताची साक्ष देत असते. किंबहुना साधने अपुरी असली की हाताची परीक्षा अधिक होते. म्हणूनच १९८० साली इटलीत तयार झालेल्या ‘लुल्तिमो काच्चातोरे’, म्हणजे ‘अखेरचा शिकारी’, या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटाचा परामर्श येथे घ्यावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम त्याच्या जन्मकथेविषयी. इटलीत त्या काळी एखादा चित्रपट गाजला की त्याच वळणाचे अनेक चित्रपट अल्प भांडवलात झपाट्याने काढण्याची रीत होती. १९७८ साली अमेरिकेत ‘द डिअर हंटर’ आला. इटलीत तो ‘इल काच्चातोरे’ या नावाने लागला. पाठोपाठ १९७९ साली कोप्पोलांचा ‘अपोकॅलिप्स नाऊ’ आला. या दोन्हींच्या यशाच्या उजेडात आपली पणती लावून घेण्यासाठी हा तिसरा ‘शिकारी’ निघाला, हे नावावरूनच उघड होते. कोप्पोलांना तीन कोटी डॉलरहून अधिक खर्च आला, वादळाने उभारलेले देखावे मोडले आणि चित्रीकरण वर्षाहून अधिक काळ रेंगाळले. इटालियन मंडळीही त्यांच्यामागून फिलिपाइन्सच्याच अरण्यात गेली; पण त्यांच्यापाशी तेवढा पैसा नव्हता आणि तेवढा वेळही नव्हता.

दिग्दर्शक आंतोनिओ मार्गेरीती (१९३०–२००२) हे रोमचे. परदेशी बाजारपेठेसाठी ते ‘अँथनी एम. डॉसन’ हे इंग्रजी नाव लावीत. लहान प्रतिकृतींतून पूल, आगगाड्या आणि स्फोट उभे करण्यात त्यांचा हातखंडा होता. सेर्जिओ लेओने यांच्या ‘जू ला तेस्ता’ (१९७१) या चित्रपटालाही त्यांच्या या कलेचे साहाय्य लाभले होते. एकाच प्रसंगावर अनेक कॅमेरे एकदम रोखून ते वेळ वाचवीत. ज्याला एक झोपडी दोनदा जाळणे परवडत नाही, त्याने ती एकदाच जाळावी आणि चारी बाजूंनी पाहून घ्यावी, असा हा साधा हिशेब होता. अंथरूण पाहून पाय पसरण्याची ही कला मोठ्या खर्चाच्या चित्रपटांत क्वचितच दिसते.

दार्दानो साक्केत्ती यांनी लिहिलेले कथानक असे आहे. साल १९७३. सायगावातील एका कुंटणखान्यात कॅप्टन मॉरिसचा मित्र भ्रमिष्टावस्थेत एकाचा जीव घेतो आणि मग स्वतःचाही. त्यानंतर मॉरिसला शत्रूच्या मुलखात उतरविले जाते. अरण्यातील एका नभोवाणी केंद्रावरून एका स्त्रीचा आवाज अमेरिकन सैनिकांचे धैर्य खचवीत असतो. ते केंद्र त्याने नष्ट करावयाचे असते. वाटेत त्याला काही सैनिक आणि एक वार्ताहर तरुणी भेटते. अखेरीस तो आवाज कोणाचा हे त्याला कळते, आणि तो परक्या स्त्रीचा नसतो. शेवट आम्ही येथे सांगत नाही.

मॉरिसच्या भूमिकेत न्यूझीलंडचे डेव्हिड वॉरबेक आहेत. लेओनेंच्या वर उल्लेखिलेल्या चित्रपटात नायकाच्या आठवणीतला आयरिश मित्र त्यांनीच साकारला होता. येथेही त्यांचा थकलेला चेहराच संवादांपेक्षा अधिक बोलतो. जॉन स्टायनर यांनी गुहेत तळ ठोकून बसलेला मेजर रंगविला आहे. हा मेजर गुन्हेगार सैनिकाला शिक्षा म्हणून गोळीबारातून धावत जाऊन नारळ आणावयास लावतो. एका नारळासाठी पणाला लागलेला जीव! युद्धाचा वेडेपणा लांबलचक भाषणाने सांगता येणार नाही, तो या एका प्रसंगाने मनावर ठसतो. चित्रपटाच्या गुणांत आम्ही यालाच अग्रस्थान देऊ.

आता दोषांकडे वळू. रक्तमांसाचे दर्शन इतके सढळ हाताने घडविले आहे की काही वेळाने करुणा बधिर होते आणि उरते ती केवळ शिसारी. स्त्रीवरील अत्याचाराचा प्रसंगही ज्या संयमाने हाताळावयास हवा होता तसा हाताळलेला नाही. हा चित्रपट मुलांनी पाहावयाचा नव्हे, हे पालकांना स्पष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. व्हिएतनामी माणसांना तर येथे चेहराच नाही. ती झुडपांतून येतात, मारतात, मरतात. ज्यांच्या भूमीवर हे युद्ध झाले, त्यांच्यापैकी एकाचेही दुःख आपल्याला कळत नाही.

परंतु आम्हांला सर्वांत अधिक खटकते ते वेगळेच. नायकाला ज्याचा गळा दाबावयाचा आहे तो आवाज सैनिकांना सांगतो तरी काय? हे युद्ध व्यर्थ आहे, घरी परत जा. चित्रपटातील पहिलाच मृत्यू या बोलण्याची सत्यता पटवितो आणि मेजरची गुहा तिच्यावर शिक्कामोर्तब करते. म्हणजे शत्रू म्हणून जो आवाज बंद करावयाचा, तोच या कथेत खरे बोलणारा ठरतो! केवढी विलक्षण कल्पना लेखकाच्या हाती आली होती! पण तिच्यापाशी क्षणभर थांबण्याऐवजी चित्रपट पुढच्या स्फोटाकडे धावतो. पैशाची टंचाई क्षम्य आहे. पण विचार करावयास पैसा लागत नाही. येथे कमी पडले ते धैर्य, भांडवल नव्हे, असे आम्ही नम्रपणे म्हणू.

तरीही या चित्रपटाची हेटाळणी करावी असे आम्हांला वाटत नाही, आणि त्याला एक कारण आहे. छायालेखक रिक्कार्दो पाल्लोत्तीनी यांनी या अरण्याचा ओला काळोख मोठ्या जाणतेपणाने टिपला आहे. पुढे १९८२ साली मार्गेरीतींच्याच ‘टायगर जो’ या चित्रपटाचे काम चालू असता विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. ज्या चित्रपटांना आपण ‘स्वस्त’ म्हणून बाजूला सारतो, त्यांच्यासाठी माणसांनी मोजलेली किंमत अशी स्वस्त नव्हती. कलाकृतीला तिच्या दोषांचा जाब अवश्य विचारावा. पण तो विचारताना श्रमणाऱ्या हातांचा मान राखावा, एवढे सौजन्य रसिकाच्या ठायी असावयास हवे.