ऐतिहासिक गोदामांचा पुनर्वापर : मट्टनचेरीच्या संदर्भात एक चिकित्सा

वारसा वास्तूंच्या पुनर्वापराची चर्चा प्रामुख्याने वास्तुरचनेच्या अंगाने केली जाते. त्या वास्तूत पुढे व्यवसाय कोणी करावयाचा, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. या दृष्टीने कोचीतील मट्टनचेरी व फोर्ट कोची येथील मसाल्यांची गोदामे अभ्यसनीय ठरतात. एका अंगास बाजाररस्ता, दुसऱ्या अंगास खाडी, मध्ये अंगण व वर कौलारू छप्पर ही रचना मिरी व सुंठ वाळविणे, निवडणे, साठविणे आणि जलमार्गे पाठविणे या कामांतून घडली. विसाव्या शतकात विलिंग्डन बेटावर नवे बंदर उभे राहिल्यानंतर तिचे प्रयोजन क्षीण होत गेले.

१८६७ मध्ये स्थापन झालेल्या ॲस्पिनवॉल कंपनीचे आवार २०१२ साली पहिल्या कोची-मुझिरिस बिनालेचे प्रमुख स्थळ ठरले; पेपर हाऊस या गोदामात कलादालन व उपाहारगृह आले. त्यामुळे वास्तूंना नवे जीवन लाभले, हे निर्विवाद आहे. तथापि प्रदर्शन काही महिन्यांपुरते असते आणि उपाहारगृहाची भिस्त पर्यटकांवर असते. ज्यांच्या श्रमांनी ही गोदामे नांदती होती, ते हमाल आणि मसाला निवडणाऱ्या स्त्रिया या नव्या व्यवस्थेत बहुधा प्रेक्षकही नसतात.

वास्तविक, रुंद दरवाजे, उंच छत व मोकळे अंगण लघुउद्योगांस अनुकूलच असते. दालनांचे लहान गाळे पाडून ते परवडणाऱ्या भाड्याने स्थानिकांस दिल्यास मूळ रचनेस फारसा धक्का न लावता मसाला-प्रक्रिया व वेष्टनाची कामे तेथे चालू शकतील. सारांश, भिंती राखल्या परंतु व्यवसाय परका झाला, तर त्या संवर्धनास अपुरेच म्हणावे लागेल.