उत्तरकालीन रोमन नाणी : संग्राहकाची दृष्टी आणि इतिहासाचा पुरावा

नाण्यांचा संग्रह हा इतिहासाचा पुरावा केव्हा ठरतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात उत्तरकालीन रोमन नाण्यांच्या आधारे केला आहे.

थिओडोशियस, आर्केडियस, होनोरियस आदी सम्राटांची चौथ्या-पाचव्या शतकांतील तांब्याची नाणी भारतात मुख्यतः तामिळनाडूत आढळतात. ती लहान व झिजलेली असून त्यांवरील लेख बहुधा वाचता येत नाही. सोन्याच्या नाण्यांच्या तुलनेत ती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. तामिळ पत्रकार व नाणेसंग्राहक आर. कृष्णमूर्ती यांनी १९९४ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. नाण्यांसोबत करूर, मदुराई अशी प्राप्तिस्थळे नोंदविणे, हे या ग्रंथाचे खरे सामर्थ्य होय.

तथापि त्याची मर्यादाही येथेच आहे. करूरची नाणी अमरावती नदीच्या पात्रातील आहेत आणि वाळूत थर टिकत नाहीत. त्यामुळे नाणे केव्हा जमिनीत गेले, हे कळत नाही. केवळ सम्राटाच्या कारकिर्दीवरून वापराचा काळ ठरविणेही योग्य नाही. श्रीलंकेत तर अशा नाण्यांच्या स्थानिक नकला तयार होत असत.

बुलढाणा जिल्ह्यालगतच्या भोकरदनचे, म्हणजे प्राचीन भोगवर्धनचे, उदाहरण येथे बोलके आहे. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीची तुलना पाँपेईच्या मूर्तीशी केली जाते. कारण दोन्हींचे प्राप्तिस्थान ज्ञात आहे. चौथ्या-पाचव्या शतकांत शेजारच्या वाशीम येथे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी होती. या परिसरात त्या काळातील एखादे रोमन नाणे खात्रीशीर नोंदीसह मिळाल्यास विदर्भाच्या व्यापाराचा नव्याने विचार करावा लागेल. तेच नाणे बाजारातून घेतले असेल, तर ते कोणत्या देशातील, हेही सांगता येणार नाही.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. कायद्याने येथे किमतीचा निकष लावला. अभ्यासकाने मात्र स्थानाचा निकष लावला पाहिजे. म्हणून महाविद्यालयीन संग्रहांत नाण्याइतकीच त्याची नोंद जपली जावी : गाव, शेत, दिनांक आणि सोबत मिळालेल्या वस्तू. नोंदीविना नाणे संग्राहकाचा छंद पुरवील. इतिहासाला त्याचा उपयोग अल्पच.