‘लावणे’ आणि ‘ओढणे’ : शहरात आलेल्या ग्रामीण तरुणींचे धूम्रपान व त्याच्या मीमांसेची भाषा

खेड्यातून शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी पुण्या-मुंबईस आलेल्या तरुणींच्या धूम्रपानाविषयी मराठीत जे बोलले व लिहिले जाते, त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग या घटनेकडे अधःपात म्हणून पाहतो. त्याच्या दृष्टीने खेडे हे निर्व्यसनी आरंभस्थान, शहर हे प्रलोभन आणि सिगारेट ही स्खलनाची खूण होय. दुसरा वर्ग याच क्रमाला मुक्तीचे नाव देतो. पुरुषाने टपरीवर उभे राहून जे करावे ते स्त्रीने का करू नये, हा त्याचा प्रश्न असतो. हे दोन पक्ष वरकरणी परस्परविरोधी आहेत; तथापि दोहोंचे गृहीतक एकच आहे. शहरात येईपर्यंत या मुलीच्या जगात तंबाखू नव्हती, तिची ओळख सिगारेटनेच करून दिली, हे ते गृहीतक. ते वस्तुस्थितीस धरून नाही. ते टिकून राहिले आहे ते बव्हंशी भाषेच्या आधारावर, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांपैकी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण ग्रामीण भागात १०.५ टक्के, तर नागरी भागात ५.४ टक्के होते. म्हणजे खेड्यातील प्रमाण शहराच्या जवळजवळ दुप्पट भरते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतीय स्त्रियांपैकी धूर ओढणाऱ्या २ टक्के आणि धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के आढळल्या. हे आकडे सर्व स्त्रियांचे आहेत, स्थलांतरित तरुणींचे नव्हेत. त्यांवरून एखाद्या वसतिगृहातील मुलींविषयी अनुमान काढणे गैर ठरेल. परंतु तंबाखूविरहित खेड्याची कल्पना त्यांनी निकालात निघते, एवढे निश्चित. महाराष्ट्रात या धूरविरहित तंबाखूचे घरगुती रूप म्हणजे मिशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजावी, कुटून पूड करावी, आणि सकाळी ती दातांना व हिरड्यांना लावावी, ही रीत अनेक घरांत आजीकडून सुनेकडे आणि सुनेकडून मुलीकडे आलेली आहे. भाजलेल्या तंबाखूचा खकाणा ज्या मुलीने लहानपणापासून नाकात घेतला, ती तंबाखूस अपरिचित होती असे म्हणता येत नाही.

मग हे दिसत का नाही? याचे उत्तर क्रियापदांत आहे. मराठीत विडी ‘ओढतात’, सिगारेट ‘ओढतात’ किंवा ‘पितात’, तंबाखू ‘खातात’. मिशेरी मात्र ‘लावतात’. ‘लावणे’ या क्रियापदाची सोबत पाहावी. कुंकू लावणे, हळद लावणे, तेल लावणे, औषध लावणे. शृंगार, स्वच्छता आणि उपचार हे त्याचे क्षेत्र. या क्षेत्रात शिरताच तंबाखू पदार्थ म्हणून नाहीशी होते आणि दंतमंजन म्हणून उरते. ‘ओढणे’ याने पदार्थ शरीराच्या आत जातो; ‘लावणे’ याने तो शरीराच्या पृष्ठभागावर राहतो, असे क्रियापदच सुचविते. वास्तविक हिरडीतून निकोटीन रक्तात मिसळते. व्याकरण ते मिसळू देत नाही. ‘पिणे’ हे क्रियापद सिगारेटला दारूच्या पंक्तीस बसविते, आणि ‘फुंकणे’ हे तर पैसा फुंकण्याच्या उधळेपणाशी तिचे नाते जोडते.

क्रियाविशेषणांची वाटणीही अशीच आहे. ‘म्हातारी दारात बसून मिशेरी लावते’ या वाक्यास विशेषणाची गरज भासत नाही. ते दिनचर्येचे वाक्य आहे. ‘मुली सिगारेट ओढतात’ हे वाक्य मात्र एकटे क्वचित येते. त्याच्या मागे-पुढे ‘सर्रास’, ‘चक्क’, ‘बिनदिक्कत’ यांपैकी एखादा शब्द उभा असतो. त्यानंतर ‘शहराची हवा लागली’ हे विधान येते, आणि येथेही क्रियापद ‘लागणे’ हेच असल्यामुळे दोष स्पर्शजन्य रोगासारखा बाहेरून आलेला ठरतो. म्हणजे एकाच पदार्थाच्या दोन सेवनपद्धतींपैकी एक शीलाच्या प्रांतात जाते आणि दुसरी मुखमार्जनाच्या. आरोग्याचा विचार दोहोंतही मागे पडतो.

‘धूम्रपान’ या पारिभाषिक शब्दाने ही वाटणी अधिकच पक्की केली आहे. संस्कृतात धूर या अर्थी ‘धूम’ हा शब्द असून ‘धूम्र’ म्हणजे धुरकट रंगाचे. चरकसंहितेत औषधी द्रव्यांचा धूर घेण्याचा विधी ‘धूमपान’ या नावाने आला आहे, आणि तेथे तंबाखूचा संबंध असणे शक्यच नाही, कारण ही वनस्पती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकानंतर या किनाऱ्यास लागली. आधुनिक मराठीने हा शब्द ‘धूम्रपान’ या रूपात स्वीकारून तंबाखूस जोडला. रूपाची ही चूक आता रूढ झाली आहे. तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार अर्थव्याप्तीविषयी आहे. या शब्दाने धुराला व्याख्येचे केंद्र बनविले, तंबाखूस नव्हे. परिणामी धूर नसलेली तंबाखू शिष्ट परिभाषेत अनामिक राहिली. ‘धूरविरहित’ हे अलीकडचे नावही अभावानेच घडविलेले आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करण्यात आली होती. त्यांतील धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मिशेरी लावणाऱ्या होत्या, आणि इतर कारणे हिशेबात धरूनही त्यांच्या अर्भकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅम कमी भरले. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास शासनाने १९९२ मध्ये बंदी केली आणि २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या अनुसूचीतही तंबाखूयुक्त दंतचूर्णाचा समावेश झाला. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीवर ना वेष्टन असते ना इशारा. तिच्यावर इशारा छापावयाचा तर तो बोलीतच छापावा लागेल.

दुसरीकडे सिगारेटवर शीलाचा शिक्का बसल्याने तीही लपते. दक्षिण कोरियात २००८ च्या राष्ट्रीय पाहणीतील तोंडी उत्तरे शरीरातील कोटिनीनच्या प्रमाणाशी ताडून पाहिली, तेव्हा धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण त्यांनी स्वतः सांगितल्याच्या दुपटीहून अधिक निघाले. ज्या समाजात कबुली म्हणजे बदनामी, तेथे प्रश्नावली सत्याऐवजी शिष्टाचार नोंदविते. शहरातल्या खोलीवर चोरून ओढणारी आणि सुटीत गावी गेल्यावर पुन्हा मिशेरीकडे वळणारी मुलगी असू शकते, हे अशा नोंदीत दिसणार नाही. सोडण्यासाठी साहाय्य मागावयाचे तर ज्याचे नाव घेता येत नाही ते आधी बोलून दाखवावे लागते. ती अडचण तिच्या एकटीच्याच वाट्यास येते.

मुक्तिवादी पक्षानेही आपल्या प्रतीकाची वंशावळ तपासावी. १९२९ साली न्यूयॉर्कमध्ये ईस्टरच्या मिरवणुकीत काही तरुणींनी सिगारेटी पेटविल्या आणि त्यांना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असे नाव मिळाले. ती योजना एडवर्ड बर्नेज या प्रचारतज्ज्ञाची होती आणि तिच्यामागे अमेरिकन टोबॅको कंपनी उभी होती. सिगारेटीत स्त्रीच्या शीलाचे वा स्वातंत्र्याचे माप असते, ही नीतिवाद्याची समजूतच विक्रेत्याने भांडवल म्हणून वापरली. या बाबतीत निंदक आणि जाहिरातदार एकाच वाक्याचे दोन वाचक ठरतात.

अर्थात सिगारेटचा अपाय खरा आहे, आणि शहरातील सुट्या सिगारेटींची सोय, रात्रपाळी व एकाकीपणा ही कारणेही खरी आहेत. त्यांचा अभ्यास व्हावयास हवा. परंतु क्षेत्रकार्यास निघणाऱ्या विद्यार्थ्याने ‘आपण धूम्रपान करता काय?’ हा प्रश्न एकटा विचारू नये. पदार्थांची नावे, तीही बोलीतील मशेरी, मिश्री, मिसरी या रूपभेदांसह, एकेक घेऊन प्रत्येकास त्याचे स्वतःचे क्रियापद लावावे. त्याहून मोलाचा एक शब्द मराठीत तयार आहे : ‘तलफ’. विडी ओढणाऱ्यास तलफ येते, तंबाखू खाणाऱ्यास येते, मिशेरी लावणारीसही येते. क्रियापदांनी ज्यांची ताटातूट केली त्यांना हा शब्द एकत्र आणतो, आणि त्यात शीलाचा आरोप नाही. सकाळी उठल्यावर तलफ येते काय, हे विचारले तर गावातील आई आणि शहरातील लेक यांची उत्तरे एकाच रकान्यात लिहिता येतील. त्या रकान्यापासून अभ्यासास आरंभ व्हावा.