नायक सापडला, व्यवहार हरवला : दोन 'स्कॅम' मालिकांची संहिता

पैसा हा कथनासाठी मोठा अवघड विषय आहे. जमीन दाखवता येते, दुष्काळ दाखवता येतो, सावकाराच्या ओट्यावर अंगठा उठवणारा कुणबी दाखवता येतो. परंतु एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात गेलेली रक्कम दाखवता येत नाही. मराठी कादंबरीने ग्रामीण कर्जबाजारीपणाचे विपुल चित्रण केले. भांडवलबाजाराकडे मात्र ती फारशी फिरकली नाही. यामागे लेखकांचा मर्यादित अनुभवप्रदेश हे कारण आहेच, पण विषयाची ही अदृश्यता हेही एक कारण असावे. 'स्कॅम १९९२' (२०२०) आणि 'स्कॅम २००३' (२०२३) या दोन हिंदी मालिकांचा विचार येथे करावयाचा आहे तो याच संदर्भात. त्या लोकप्रिय आहेत एवढ्यावरून त्यांना समीक्षेच्या उंबरठ्याबाहेर बसविण्याचे कारण नाही.

हंसल मेहता यांनी दिग्दर्शित केलेली पहिली मालिका सुचेता दलाल आणि देबाशिष बासू यांच्या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावर आधारलेली आहे. दहा भागांच्या या मालिकेचे पहिले यश असे की, तिने अदृश्य व्यवहार दृश्य केला. बँकांना सरकारी रोख्यांमध्ये ठरावीक गुंतवणूक ठेवावी लागे. तात्पुरती निकड भागविण्यासाठी एक बँक आपले रोखे दुसरीला विकी आणि थोड्या दिवसांनी ते परत घेण्याचा करार करी. प्रत्यक्ष रोखे हलत नसत. हलत असे ती 'बीआर' नावाची पावती. रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयातील नोंदी हाताने होत, त्यामुळे पावतीमागे रोखा आहे की नाही हे लगेच कळत नसे. दोन बँकांच्या मध्ये दलाल उभा असे, आणि बँकेच्या नावाचा धनादेश दलालाच्या खात्यात जमा होई. तेथून तो पैसा शेअरबाजारात. एवढा गुंता सामान्य प्रेक्षकाला कंटाळा न आणता समजावून देणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

तथापि हे समजावून देण्यासाठी संहितेने जी किंमत मोजली आहे, ती तपासली पाहिजे. मूळ पुस्तकाच्या उपशीर्षकात तीन प्रश्न आहेत : कोण जिंकले, कोण हरले आणि कोण निसटले. मालिकेच्या उपशीर्षकात एका माणसाची गोष्ट आहे. प्रश्नांकडून व्यक्तीकडे झालेला हा प्रवास हेच या रूपांतराचे मर्म होय. पुस्तकात परदेशी बँका, राष्ट्रीयीकृत बँका, दलाल आणि नियामक संस्था यांचे एक जाळे आहे आणि हर्षद मेहता हा त्या जाळ्यातला एक ठळक धागा आहे. थरारकथेला जाळे चालत नाही. तिला चढणारा आणि कोसळणारा माणूस लागतो. चाळीतून निघालेला, इंग्रजीच्या तोऱ्याला न दबणारा, प्रतीक गांधी यांनी विलक्षण ताकदीने उभा केलेला हर्षद तिला मिळाला. आणि जाळे पार्श्वभूमीला गेले.

निवेदनाच्या पातळीवर हा पेच अधिक स्पष्ट होतो. सत्याचा शोध घेणारी पत्रकार दृष्टिकेंद्राशी असावी, अशी रचना दिसते. २३ एप्रिल १९९२ च्या बातमीने सारे उघडकीस आणले ती सुचेताच. पण प्रेक्षकाची इच्छा तिच्यामागे जात नाही, हर्षदमागे जाते. पत्रकार जे जाणू पाहते ते प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. मग उत्कंठा उरते ती 'हा सुटेल का' एवढीच. गुन्हेगाराच्या सुटकेसाठी श्वास रोखून बसणारा प्रेक्षक निर्माण झाला, की नैतिक निवाडा शेवटच्या भागात कितीही ठासून सांगितला तरी तो वरवरचा ठरतो. ऑलिव्हर स्टोनच्या 'वॉल स्ट्रीट' (१९८७) या चित्रपटातला खलनायक पुढे दलालांचाच आदर्श बनला, हा अनुभव जुना आहे. आमच्या लोह्यासारख्या तालुक्याच्या गावीही वर्गातल्या मुलांना या मालिकेतले हर्षदचे संवाद तोंडपाठ होते. सुचेताचा एकही कोणाला सांगता येईना.

येथे अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवर आधारलेल्या जब्बार पटेलांच्या 'सिंहासन' (१९७९) चित्रपटाची आठवण अपरिहार्य आहे. त्यातला दिगू टिपणीस हाही पत्रकारच. तो सारे पाहतो, सारे जाणतो आणि अखेरीस त्याचे मानसिक संतुलन ढळते. जाणणे हेच तेथे शोकात्म आहे, कारण जाणल्याने काहीच बदलत नाही. 'स्कॅम १९९२' मधली पत्रकार जाणते आणि बातमी छापून आणते. एकोणीसशे सत्तरचे दशक आणि उदारीकरणाचे दशक यांतला फरक या दोन पत्रकारांत सामावला आहे, असे म्हणता येईल. मात्र प्रस्तुत लेखकाला दिगू अधिक विश्वसनीय वाटतो.

मालिकेत जे नाही त्याची नोंदही आवश्यक आहे. बनावट पावत्या देणाऱ्या बँकांमध्ये 'बँक ऑफ कराड' होती. १९९२ साली ती अवसायनात निघाली आणि १९९४ साली बँक ऑफ इंडियात विलीन झाली. साताऱ्याकडच्या एका गावाच्या नावाची बँक मुंबईच्या रोखेबाजारात कशी पोचली, तिच्या ठेवीदारांचे त्या दिवसांत काय झाले, ही एक स्वतंत्र कादंबरी आहे. मालिकेला ती बँक कथानक पुढे ढकलण्याचे एक साधन म्हणून हवी आहे. कराड हे गाव तिला नको आहे. एमिल झोलाने १८८२ च्या पॅरिसमधील बँक-कोसळणीवर बेतलेल्या आपल्या 'पैसा' (१८९१) या कादंबरीत सट्टेबाज नायक रंगविलाच, पण मुलीच्या हुंड्यासाठी शेअर घेऊन बसलेला बँकेतला शिपाईही रंगविला. भाव चढत जातो, तरी तो विकत नाही. थोडे आणखी, थोडे आणखी करीत सर्वस्व घालवतो. लोभ आणि वात्सल्य एकाच माणसात दाखविणारे ते पात्र नसते, तर ती कादंबरी केवळ सट्टेबाजाची चरितकहाणी झाली असती. आपल्या मालिकेत असा शिपाई नाही.

दुसरी मालिका, तुषार हिरानंदानी दिग्दर्शित 'स्कॅम २००३', ही तुलनेने फिकी मानली गेली. तिचा विषय मात्र आपल्या भागाला कितीतरी जवळचा आहे. अब्दुल करीम तेलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरचा, म्हणजे मराठी बोलल्या जाणाऱ्या सीमाभागातला. रेल्वेत फळे विकणारा हा मुलगा पुढे मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवतो आणि नाशिकच्या सरकारी छापखान्यातली यंत्रे हस्तगत करून खऱ्यासारखेच खोटे मुद्रांक छापतो. शेअर आमच्या भागात फार थोड्यांनी पाहिला असेल. 'बाँड' मात्र ज्याने शेत विकले, घर घेतले, इसारपावती केली, त्या प्रत्येकाने पाहिला आहे. तहसीलसमोरच्या झाडाखाली बसलेला मुद्रांक विक्रेता हाच ग्रामीण माणसाला भेटणारा शासनसंस्थेचा पहिला चेहरा.

या कागदाला आपल्याकडे इतिहास आहे. १८७५ साली सुप्यापासून पसरलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या जिवापेक्षा त्यांची खतपत्रे जाळण्यावर भर दिला. आपली जमीन कागदात अडकली आहे, हे त्यांना नेमके कळले होते. दुसरीकडे, आमच्या तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत जनावरांचे सौदे होतात. हेडी आणि गिऱ्हाईक रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात, ही बैलबाजारांची जुनी रीत. तेथे कागद नाही. साक्षीला भोवतीची माणसे आणि उद्या पुन्हा याच बाजारात यायचे आहे ही जाणीव. कागदाची दहशत आणि शब्दाचा भरवसा या दोहोंमध्ये वाढलेल्या समाजात खोटा मुद्रांक शिरतो, तेव्हा नेमके काय मोडते? 'स्कॅम २००३' ला हा प्रश्न पडायला हवा होता. तिला पडला तो नायकाच्या चढउताराचाच.

याचे एक कारण विषयातच दडलेले आहे. खोट्या मुद्रांकावर केलेला सौदा सौदेकऱ्यांच्या दृष्टीने खराच असतो. विकणारा मनापासून विकतो, घेणारा मोजून पैसे देतो. बुडतो तो सरकारचा महसूल, आणि महसुलाला चेहरा नसतो. समोर कोणी फसवले गेलेले माणूस नसल्याने फसवणारा निरागस भासू लागतो. तेलगी स्वतःला कोणाचे वाईट न करणारा समजतो आणि संहिता त्याला फारसे अडवीत नाही. गगन देव रियार यांचा संयत, मिठ्ठास अभिनय या भ्रमाला आणखी बळ देतो. २००७ साली पुण्याच्या न्यायालयाने तेलगीला तीस वर्षांची सक्तमजुरी आणि दोनशे दोन कोटींचा दंड ठोठावला. २०१७ साली तो कैदेतच मरण पावला. हर्षद मेहताही ३१ डिसेंबर २००१ रोजी कैदेतच गेला होता. दोन्ही मालिकांना शेवट असा वास्तवाने आयता पुरविला, आणि त्या आयत्या शेवटामुळे शोकात्मिकेचा आभास निर्माण झाला. शोकात्मिकेत नायकाला आपल्या कृतीचे ज्ञान होते. येथे नायकाला पश्चात्ताप होतो तो पकडले गेल्याचा.

मुद्रांकाच्या कागदावर आपल्या दोन एकरांची विक्री लिहून देणारी एखादी बाई, आणि काही वर्षांनी तोच कागद खोटा असल्याचे ऐकून कपाटातली ट्रंक उघडणारा तिचा मुलगा : एवढा एक प्रसंग दुसऱ्या मालिकेत असता, तरी तिचा तोल बदलला असता. तो लिहिण्यासाठी मुंबईचा छापा आणि धरपकड लागत नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरचा बाक पुरतो.