टाकणे, त्याग आणि आश्वासन : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका जाणिवेची भाषा

परमेश्वराने आपणांस सोडून दिले ही जाणीव, आणि त्या जाणिवेस ख्रिस्ती श्रद्धेत लाभलेला धीर, हा मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा गाभ्याचा विषय होय. आपल्या समीक्षेने मात्र त्याकडे जवळजवळ पाठच फिरविली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक पाठ्यपुस्तकांतून ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून भेटतात. त्यांची ‘अभंगांजली’ परिशिष्टात जाते. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) विनोदासाठी व दांपत्यजीवनाच्या चित्रणासाठी वाचली जातात. पंडिता रमाबाईंचे धर्मांतर बहुधा वादविषय म्हणूनच चर्चिले गेले. आमच्या शेजारी उस्मानाबादेस (आताचे धाराशिव) २०२० साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही अधिक बोलले गेले ते त्यांच्या धर्मगुरुपदाविषयी. त्यांच्या ‘सुबोध बायबल’च्या मराठीविषयी नव्हे. प्रस्तुत लेखात या जाणिवेचा विचार भाषेच्या बाजूने करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहू. वधस्तंभावरील येशूच्या ज्या उद्गारात ही जाणीव पराकोटीस पोहोचते, त्यासाठी प्रचलित मराठी बायबलात ‘त्याग करणे’ हे क्रियापद येते. हा शब्द मराठी कानाला दुहेरी ऐकू येतो. त्याग हा सद्गुण आहे. देशासाठी, कुटुंबासाठी तो केला जातो. दुसरीकडे ‘सीतात्याग’ या समासात तोच शब्द निरपराध स्त्रीवर झालेल्या अन्यायाचा वाचक आहे. घरगुती मराठीत या दुसऱ्या अर्थाला वेगळे आणि फार कठोर क्रियापद आहे : टाकणे. ‘नवऱ्याने टाकलेली’ म्हटले की आमच्या उदगीरकडील कोणत्याही खेड्यात अधिक स्पष्टीकरण लागत नाही. देवाच्या संदर्भात मात्र हे क्रियापद सहसा वापरले जात नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर आमच्या लहानपणी कानांवर पडे ते ‘देव कोपला’ असे. कोपात संबंध शिल्लक असतो. कोपलेल्याची मनधरणी करता येते. टाकण्यात तो संबंधच संपतो.

मूळ हिब्रूत काय आहे हे येथे पाहण्याजोगे आहे. येशूचा तो उद्गार स्वतंत्र नाही. बाविसाव्या स्तोत्राचा तो आरंभ आहे आणि मार्क व मत्तय यांनी तो अरामी रूपात नोंदविला आहे. स्तोत्रातील हिब्रू क्रियापदाचा धातू अ-झ-ब, म्हणजे सोडून जाणे. यशयाच्या चोपन्नाव्या अध्यायात पतीने टाकलेल्या स्त्रीची उपमा येते. तिच्यासाठी योजलेले ‘अझूवा’ हे विशेषण याच धातूपासून बनले आहे. तेव्हा देवाने सोडलेला भक्त आणि नवऱ्याने टाकलेली स्त्री यांना एकाच धातूने जोडण्याची सोय हिब्रूत आहे, आणि ती मराठीतही होती. भाषांतरकारांनी भारदस्तपणासाठी ती गमावली, असे आमचे मत आहे.

धातूइतकाच महत्त्वाचा भाग पुरुषाचा. स्तोत्रातील तक्रार द्वितीयपुरुषी आहे, आणि संबोधनात ‘माझा’ हे सर्वनाम आहे. ज्याने सोडले त्यालाच, तो आपला आहे असे म्हणून, जाब विचारला आहे. मराठी वाचकास हे व्याकरण परके वाटू नये. विठ्ठलाशी ‘तू’ म्हणून भांडणे, रुसणे, त्याला निष्ठुर म्हणणे हे वारकरी अभंगाचे जुने अधिकार होत. सतराव्या शतकातील दुष्काळात पत्नी व मूल गमावलेले तुकोबा देवाशी भांडले. देवाविषयी नुसते बोलून थांबले नाहीत.

याच्या शेजारी पंडिता रमाबाईंचे निवेदन ठेवावे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत, कुटुंबासह तीर्थांमागून तीर्थे हिंडत. १८७४ च्या सुमारास उपासमारीत थोड्याच महिन्यांच्या अंतराने वडील, आई व थोरली बहीण गेली. उपास, स्नाने, दाने, मूर्तिपूजा सर्व यथासांग झाले आणि कोणी धावले नाही, हा वृत्तान्त रमाबाईंनी पुढे इंग्रजीत लिहिला. १९०७ मधील त्यांच्या साक्षीतही तो आहे. मजकूर इंग्रजी असल्याने शब्दयोजनेवर भर देणे योग्य नव्हे. परंतु पुरुष भाषांतरातही टिकतो. येथे देव तृतीयपुरुषी आहेत, आणि अनेकवचनी. काय केले आणि काय मिळाले नाही याचा तो जवळजवळ हिशेब आहे. त्यात रुसवा नाही, कारण रुसण्याइतकी सलगीच नव्हती. तुकोबांच्या दुष्काळात देव निष्ठुर ठरला. रमाबाईंच्या दुष्काळात तो अनुपस्थित ठरला. आमच्या मते परित्यक्ततेची टोकाची अवस्था ही दुसरी होय.

रमाबाईंना धीर कसा मिळाला याविषयी प्रचारकी चरित्रांनी घाई केली आहे. १८८० साली भाऊ श्रीनिवास व १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी गेल्यावर, १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथे कथा संपावयास हवी होती. पण आपणांस त्या वेळी धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या स्वतःच देतात. मधे सुमारे आठ वर्षे गेली. पुढील काळात केडगावच्या मुक्तीसदनात दुष्काळातील शेकडो मुलींना आश्रय देत असतानाच रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचे मराठी भाषांतर हाती घेतले, आणि पंडिती संस्कृत परिभाषा त्यात बुद्ध्या टाळली. २१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलात त्या स्वतः गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. एवढी संस्कृतज्ञ विदुषी साध्या मराठीचा हट्ट का धरते, याचे उत्तर वरील हिशेबात सापडते. ज्या भाषेतून कोणी ओ दिली नव्हती, ती भाषा त्यांना पुन्हा वापरावयाची नव्हती.

टिळकांचा मार्ग याच्या उलट होता. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते म्हणत. हे वाक्य अनेकदा सौजन्य म्हणून उद्धृत होते. ते व्याकरण म्हणूनही खरे आहे. ‘अभंगांजली’तील ख्रिस्त आई आहे, गुरू आहे, आणि ‘तू’ आहे. करुणेच्या अभंगांचा जुना ‘तू’ टिळकांनी नव्या देवाकडे जसाच्या तसा नेला. मात्र काही ठिकाणी धीर इतक्या लवकर येतो की आधीची व्याकुळता केवळ प्रास्ताविक वाटते, हा दोषही नमूद केला पाहिजे. तुकोबा वाट पाहावयास लावतात, टिळक क्वचितच.

ते वाट पाहणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला, आणि सत्ताविशीच्या आतबाहेरची ही बाई लहान मुलासह नातेवाइकांकडे राहिली. नवरा जिवंत, पत्रे येत आहेत, आणि समाजाच्या भाषेत ती टाकलेली. या काळातील काही दिवस पंढरपुरात गेले. ‘स्मृतिचित्रे’त या वर्षांचे वर्णन करताना लेखिका देवाला जाब विचारीत बसत नाही, जाब आहे तो टिळकांना, आणि तोही थट्टेच्या सुरात. समीक्षकांनी या थट्टेला स्वभाव म्हटले. आम्हांस ती तक्रारीचीच एक रीत वाटते. द्वितीयपुरुष सुटू न देण्याची. पुढे नगरला टिळकांकडे आल्यावरही सोवळे-ओवळे चालूच होते. प्रथम गळाला तो जातिभेद, तो माणसाने केला, देवाने नव्हे, या विचाराने. बाप्तिस्मा त्यानंतर, पतीच्या बाप्तिस्म्यापासून जवळपास पाच वर्षांनी. त्यांच्या बाबतीत श्रद्धा आली ती प्रथम स्वयंपाकघराच्या वाटेने, ही गोष्ट धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी हसण्यावारी नेऊ नये.

‘आश्वासन’ हा शब्द आज निवडणुकांनी पार झिजवून टाकला आहे. मूळ धातू श्वस्. आश्वासन म्हणजे कोंडलेला श्वास पुन्हा चालू करणे. त्यात ‘का’ या प्रश्नाचे उत्तर देणे अनुस्यूत नाही. बाविसाव्या स्तोत्रातही उत्तर नाही. विलाप चालू असतो आणि कुठल्याशा चरणानंतर स्तुती सुरू होते. मधे काय घडले ते कवी सांगत नाही. ‘स्मृतिचित्रे’तील धीर याच जातीचा आहे.

टिळक १९१९ च्या मे महिन्यात मुंबईस वारले, तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. आरंभीचे थोडे अध्याय तेवढे झाले होते. पुढचे सहा दशकांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. कथेचा उत्तरार्ध, म्हणजे येशूच्या यातनांचा व मरणाचा भाग, अशा रीतीने टाकले जाणे म्हणजे काय हे घरात राहून शिकलेल्या बाईच्या ओवीत आला. ‘ख्रिस्तायना’तील या अध्यायांचा, ‘स्मृतिचित्रे’तील १८९५ ते १९०० या वर्षांच्या प्रकरणांशी ताडून, शब्दशः अभ्यास व्हावयास हवा, आमच्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने तो प्रबंधासाठी घ्यावा.