कोसल्याला पाला कोण घालतं?

लोकल निघून गेली तरी उंबरमाळीच्या फलाटावर बसून राहिलेली पोरं पाहिली, की मला पांडुरंग सांगवीकर आठवतो. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ सालची. खानदेशातला पोरगा पुण्यात शिकायला येतो, बापाचे पैसे उडवतो, शेवटी गावी परततो. आपण हसत वाचतो. मग धाकटी बहीण मणी जाते, आणि हसू घशातच अडकतं.

वर्गात मी याला वर्षानुवर्षं अस्तित्ववाद म्हणत आलो. आता वाटतं, घाई केली. ‘वेलकम टू द एनएचके’ या २००६च्या जपानी ॲनिमेतला सातो खोलीत कोंडून घेतो, दोष एका कारस्थानाला देतो. पांडुरंगाकडे कारस्थान नाही, समोर बाप आहे. त्याच्याशी भांडायचं आणि त्याच्याच घरी जेवायचं! सातोलाही शेवटी बाहेर काढते ती भूक, घरचे पैसे बंद झाल्यावर.

किड्याला कोसला विणायचा तर आधी कुणीतरी पाला घालावा लागतो. ‘कोसला’त तो घालणारा बाप आपल्याला फक्त पोराच्या डोळ्यांनी दिसतो. कादंबरीचा प्रामाणिकपणा तोच, आणि माझी तक्रारही तीच. फलाटावरच्या पोरांना आळशी म्हणण्याआधी एवढंच विचारा: यांच्या घरी पाला कोण आणतं, आणि तो किती दिवस पुरणार?