सालारजंग संग्रहालय : 'एका माणसाचा संग्रह' ही ओळख कितपत पुरेशी?

हैदराबादेत मुसी नदीच्या दक्षिण काठावर असलेल्या सालारजंग संग्रहालयाची ओळख बहुधा 'एका माणसाचा संग्रह' अशीच करून दिली जाते. हा माणूस म्हणजे तिसरे सालारजंग, नवाब मीर यूसुफ अली खान (१८८९-१९४९). त्यांनी हयातभर वस्तू जमविल्या, याबद्दल वाद नाही. परंतु संग्रहालयातील सर्वांत गाजलेली कलाकृती कोणती? इटालियन शिल्पकार बेन्झोनी याचा 'व्हेल्ड रेबेका' हा संगमरवरी पुतळा. तो पहिल्या सालारजंगांनी, म्हणजे आजोबांनी, १८७६ मध्ये रोममध्ये खरेदी केला. तेव्हा नातवाचा जन्मही झालेला नव्हता.

संग्रह तीन पिढ्यांचा आहे. आणि केवळ एका घराण्याचाही नाही. या घराण्याच्या जहागिरीत मराठवाड्यातील अजिंठा होते, तसेच कर्नाटकातील कोप्पळ. युरोपातून आलेल्या पुतळ्यांच्या व काचसामानाच्या किमतीत तेथील शेतसाऱ्याचाही वाटा होता, हे विसरता येत नाही. पहिले सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे हैदराबाद संस्थानचे दिवाण होते. महसुलाची नवी व्यवस्था लावणारा हाच कारभारी कलावस्तूही विकत घेत होता. नवाबाच्या हौसेची कौतुककथा सांगताना ही दुसरी बाजू गळून पडते.

मांडणीही त्यास हातभार लावते. मधल्या इमारतीत भारतीय वस्तू, पश्चिमेच्या इमारतीत युरोप, पूर्वेकडे चीन-जपान; आणि आत पुन्हा जिन्नसवार दालने. नूरजहानचा म्हणून ओळखला जाणारा खंजीर व इल्तुतमिशचे नाव कोरलेले रेहल जेडच्या दालनात एकत्र येतात, कारण दोन्ही जेडची आहेत. जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची जडणघडण करून बीदरच्या किल्ल्यातील मातीने काळे केलेले बिदरी हुक्के वेगळ्या दालनात. वस्तू पाहण्यास ही रचना सोयीची खरी, पण तीत दख्खनचा इतिहास असा कोठे उभाच राहत नाही.

प्रेक्षकांची गर्दी मात्र घड्याळापाशी. कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी कंपनीच्या या घड्याळातून दर तासाला एक छोटा दाढीवाला बाहेर येतो आणि घंटेवर ठोके देतो. मुले खूश होतात. त्यात गैर काही नाही. पण हे संग्रहालय पंडित नेहरूंच्या हस्ते १९५१ मध्ये दिवाण देवडीत खुले झाले, १९६१ च्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली आणि १९६८ मध्ये ती सध्याच्या इमारतीत आली. अशा संस्थेने प्रेक्षकाला बाराच्या ठोक्यांपलीकडे न्यावे, ही अपेक्षा वावगी म्हणता येणार नाही.

त्यासाठी लागणारी सामग्री बाहेरून आणावी लागणार नाही. संग्रहालयाच्या ग्रंथालयात अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखिते हजारोंनी आहेत. गोवळकोंड्याचा सुलतान मुहंमद कुली कुतुबशाह याच्या दखनी काव्याचे सचित्र हस्तलिखित त्यांतलेच. दखनीतील 'नको' आणि जोर देणारा 'च' मराठी माणसाला ओळखून घ्यावे लागत नाहीत. एखादे दखनी पान, शेजारी त्याच काळचा बिदरी हुक्का आणि जहागिरीचा एक नकाशा एवढे एका दालनात आले, तरी अजिंठ्याच्या बाजूने आलेल्या पाहुण्याला आपल्या मुलखाचा माग लागेल.